निम्मे-निम्मे का नाही? मोटारचालक, सायकलस्वार आणि जबाबदारीची वाटणी

रस्त्यावरील सुरक्षिततेची जबाबदारी मोटारचालक आणि सायकलस्वार यांच्यात कशी वाटली जावी, या विषयावर या महिन्यात बरीच पत्रे आली. मोटार चालवणाऱ्यांच्या पत्रांत सायकलस्वार बेशिस्त आहेत, सायकल चालवणाऱ्यांच्या पत्रांत मोटारवाले मुजोर आहेत, आणि ज्यांच्या घरी दोन्ही वाहने आहेत त्यांनी पत्र लिहिण्यापूर्वी कोणते वाहन बाहेर काढले होते हे पहिल्या परिच्छेदातच कळते. त्यांपैकी नऊ पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब असल्याने त्यांतील मुद्द्यापुरता भाग घेतला आहे.

प्रश्न : मी गेली पस्तीस वर्षे पुण्यात मोटार चालवत आहे आणि आजवर एकही अपघात केलेला नाही. गेल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कर्वे रस्त्यावर एक सायकलस्वार उलट दिशेने, दिव्याशिवाय, काळे कपडे घालून समोर आला. मी कसाबसा ब्रेक लावला. जमलेल्या लोकांनी मात्र मलाच चार शब्द ऐकवले. रस्ता दोघांचा आहे, तर जबाबदारी निम्मी-निम्मी का नसावी? मोठी गाडी नेहमी दोषी, हा कोणता न्याय?
— एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे

उत्तर : आपण सांगितलेल्या प्रसंगात चूक सायकलस्वाराची होती, हे आधी स्पष्टपणे मान्य करतो. मोठी गाडी नेहमी दोषी, असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही. तो जमावाचा नियम आहे. अपघाताची भरपाई ठरवणारे न्यायाधिकरण पंचनामा पाहते, चाकांच्या खुणा पाहते, साक्षी आणि असल्यास कॅमेऱ्याचे चित्रण पाहते, आणि मग कोणाचे किती चुकले ते ठरवते.

परंतु आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात बांधल्या गेल्या आहेत. अपघात झाल्यानंतर कोणाचे चुकले हे ठरवायचे असते तेव्हा आपण दोषाविषयी बोलत असतो, आणि अपघात होऊ नये म्हणून आधी कोणी किती सांभाळायचे हे ठरवायचे असते तेव्हा काळजीविषयी. दोष प्रसंगानुसार शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत कोणाकडेही जाऊ शकतो. काळजीची वाटणी मात्र प्रसंग घडण्यापूर्वीच ठरलेली असते, आणि माझ्या मते ती निम्मी-निम्मी असूच शकत नाही, कारण दोघांच्या हातात असलेली इजा करण्याची ताकद सारखी नाही. हिशेब करून पाहू. माणसासह ८० किलो वजनाची सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने जात आहे आणि १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे, असे समजा. वजन पंधरापट आहे, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने मोटारीत असलेली ऊर्जा सायकलीच्या दीडशेपटींहून अधिक भरते. सायकलस्वाराने सगळे नियम मोडले तरी आपल्या मोटारीच्या पत्र्याला पोचा येईल. आपण एक नियम मोडला तर त्याच्या घरी माणूस परत जाणार नाही.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांतही हीच भूमिका आहे. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी वाहनचालकाने घ्यावी, असे ते विनियम सांगतात. त्यात सायकलस्वाराला सूट दिलेली नाही, तर चालकावर एक अधिकचे कर्तव्य ठेवले आहे. ब्रिटनच्या रस्ता-नियमपुस्तिकेत २९ जानेवारी २०२२ पासून रस्ता वापरणाऱ्यांची जी उतरंड आली, तिचेही तत्त्व हेच आहे की ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते त्याने अधिक जपावे.

आता सायकलस्वाराच्या वाट्याकडे वळू, कारण तो वाटा लहान असला तरी शून्य नाही. उलट दिशेने सायकल चालवणे धोक्याचे का, हे लोकांना नीट समजलेले नसते. उलट "समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते, म्हणून ते सुरक्षित" असे बरेच जण मानतात. मोटारीचा वेग ताशी ४० आणि सायकलीचा १५ धरा. दोघे एकाच दिशेने जात असतील तर त्यांच्यातील अंतर ताशी २५ किलोमीटर वेगाने कमी होते, आणि चालकाला सायकल ३० मीटरवर दिसली तर त्याच्याकडे चार सेकंदांहून थोडा अधिक वेळ असतो. सायकल समोरून येत असेल तर तेच अंतर ताशी ५५ किलोमीटर वेगाने मिटते आणि वेळ उरतो जेमतेम दोन सेकंद. त्यातच गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक वाहने जिकडून येतात त्या उजव्या बाजूलाच पाहत असतो. डावीकडून सायकल येईल ही अपेक्षाच त्याच्या मनात नसते. अंधार, दिवा नसणे आणि काळा सदरा हे सगळे या दोन सेकंदांतून आणखी वजा होते.

मात्र तो उलट दिशेने का आला, हेही विचारायला हवे. आपल्या शहरांतील रुंद रस्त्यांवर दुभाजक लांबच लांब असतात आणि जंगली महाराज रस्ता व फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता यांसारखे मोठे रस्ते एकेरी आहेत. मोटारीने दीड किलोमीटरचा वळसा घालणे म्हणजे पायाने थोडे अधिक दाबणे असते. दिवसभर काम करून परतणाऱ्या माणसाला तोच वळसा पायडल मारत, धुरातून आणि चढावरून घालावा लागतो. यामुळे त्याची चूक बरोबर ठरत नाही. परंतु वाहतुकीची आखणी करणाऱ्याने सायकलस्वाराचा विचार केलाच नसेल, तर या वाटणीत तिसरा भागीदार येतो, आणि तो म्हणजे रस्ता बांधणारी संस्था. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आहे. त्यापूर्वी बांधलेले सायकल मार्गही आहेत. त्यांवर उभ्या असलेल्या मोटारी, हातगाड्या आणि मध्येच उगवलेले विजेचे खांब पाहिले, की सायकलस्वार मुख्य रस्त्यावर का येतो याचे उत्तर मिळते.

एक जुनी आठवण सांगतो. माझ्या विद्यार्थिदशेत सायकलीला पालिकेचा बिल्ला लागत असे, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की चौकातला पोलीस चाकाची हवा सोडून देई. ती शिक्षा कायद्याच्या कोणत्या कलमात बसत होती हे मी पुढे वकिली शिकल्यावरही मला सापडले नाही, पण घरापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी डायनामो दुरुस्त करून आणत असे, एवढे खरे.

प्रश्न : मी रोज सायकलने कार्यालयात जाते. रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार चालकाने अचानक उघडले आणि मी त्यावर आदळून पडले. मनगटाचे हाड मोडले. चालकाचे म्हणणे असे, की गाडी बंद होती, त्यामुळे हा वाहनाचा अपघातच नव्हे, आणि मीच नीट पाहायला हवे होते. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : त्याच्या म्हणण्याचा पहिला भाग चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्यात भरपाईसाठी "वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात" असे शब्द आहेत, आणि वापर म्हणजे केवळ चाके फिरणे नव्हे. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात पुणे-बेंगळुरू महामार्गावर पेट्रोलचा टँकर अपघातात उलटला, गळती झाली आणि काही तासांनी स्फोट होऊन माणसे दगावली. टँकर त्या वेळी जागचा हलत नव्हता. तरीही तो वाहनाचा वापरच होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले. त्या मानाने उतरण्यासाठी दार उघडणे ही तर वाहन वापरण्यातील नित्याची क्रिया आहे. आपण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकता, आणि त्या मोटारीचा विमा असल्यास तृतीय पक्ष म्हणून भरपाई विमा कंपनीकडून मिळू शकते.

दुसऱ्या भागात तथ्य अगदीच नाही असे नाही. उभ्या मोटारींच्या रांगेला अगदी खेटून सायकल चालवू नये. दार पूर्ण उघडले की ते साधारण एक मीटर बाहेर येते, म्हणून तेवढे अंतर सोडावे, आणि रांगेतील एखाद्या मोटारीत डोके दिसले, मागचे दिवे नुकतेच विझले किंवा रिक्षा थांबून प्रवासी पाकीट चाचपत असेल, तर दार उघडणार असे गृहीत धरावे. परंतु या दक्षतेने चालकाचे कर्तव्य आपल्याकडे येत नाही. दार कधी उघडायचे हे फक्त त्याला माहीत असते, आरसा त्याच्याकडे असतो, आणि त्याने तीन सेकंद थांबण्याने कोणाचेही नुकसान होत नाही. जो सहज टाळू शकतो त्याच्याकडे कर्तव्य अधिक, हे येथे स्पष्ट दिसते.

मोटार चालवणाऱ्या वाचकांसाठी एक सवय सुचवतो. दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडावे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याने डावा हात वापरावा. तसे करताना खांदे आपोआप वळतात आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. डावीकडून उतरणाऱ्याने उजवा हात वापरावा, कारण पदपथ आणि मोटार यांच्यातल्या फटीतून सायकली जातातच. नेदरलँड्समध्ये ही सवय इतकी रुळलेली आहे, की ती जगभर त्या देशाच्या नावाने ओळखली जाते.

प्रश्न : आमची शाळा जालना जिल्ह्यात राज्य मार्गालगत आहे. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या आणि आठवीनंतरची गळती कमी झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे जीव टांगणीला लागतो. पालक विचारतात की जबाबदारी कोणाची. आम्ही मुलींना काय शिकवावे?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : आपल्या पत्राला सर्वांत अधिक जागा द्यायला हवी, कारण येथे सायकल हौसेची नाही, ती बंद झाली तर शिक्षण बंद होते.

प्रथम ट्रॉलीचालकाच्या बाजूचे पाहू. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला मागचे काहीच दिसत नाही, आणि वर मोठ्याने गाणी लावली असतील तर ऐकूही येत नाही. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, म्हणजे ट्रॉलीची खरी रुंदी लोखंडी चौकटीपेक्षा अधिक असते. ट्रॅक्टर मुलीच्या पुढे गेला म्हणजे धोका संपला असे नसते, कारण पहिली ट्रॉली आणि दुसरी ट्रॉली अजून यायची असते. वळणावर तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या वाटेने न जाता आतल्या बाजूला सरकते. मुलींना हे शाळेच्या मैदानावर खडूने आखून दाखवावे. "जपून जा" या सूचनेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. ट्रॅक्टर दिसला की साइडपट्टीवर उतरून थांबायचे, दुसरी ट्रॉली पुढे गेल्यावर मागे दुसरे वाहन नाही हे पाहायचे, आणि मगच निघायचे. ट्रॉली किंवा ट्रक वळणार असेल तर त्याच्या डाव्या बाजूला कधीही घुसायचे नाही. तो उजवीकडे सरकलेला दिसला तरीही नाही, कारण लांब वाहन डावीकडे वळण्यापूर्वी बहुधा उजवीकडे झुकते.

मुली गप्पा मारत तिघी-चौघी शेजारी-शेजारी चालतात, हे मी पाहिले आहे, आणि त्या वयात तसे होणारच. त्यांना रागवण्याऐवजी एक पद्धत घालून द्यावी. एका मागे एक अशी रांग, आणि सर्वांत अनुभवी मुलगी सर्वांत शेवटी. सर्वसाधारणपणे धीट मुलगी पुढे जाते आणि लहान मुली मागे पडतात. मागून वाहन येत असल्याचा इशारा मात्र मागच्याच मुलीने द्यायचा असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे शेवटचा तास आणि खेळाचा तास संपून मुली निघतात तेव्हा रस्त्यावर संधिप्रकाश असतो. हंगामापुरती शाळेची वेळ अर्धा तास अलीकडे आणता आली तर पाहावे. मागच्या मडगार्डवर, पायडलांवर आणि दप्तरावर रेडियमची पट्टी लावावी. पायडलांवरील पट्टी विशेष उपयोगाची आहे, कारण ती वर-खाली हलते आणि पुढे चाललेले वाहन सायकल आहे हे चालकाला दुरूनच कळते.

वाहनचालकांसाठी हिशेब असा आहे. कोरड्या रस्त्यावर, एका सेकंदात ब्रेकवर पाय गेला असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार थांबायला सुमारे ३७ मीटर घेते आणि ताशी ४० ने जाणारी सुमारे २० मीटर. शाळा सुटण्याच्या वेळी गावाजवळच्या पट्ट्यात वेग कमी करणे हा सौजन्याचा प्रश्न उरत नाही, या सतरा मीटरांत मूल असू शकते. सायकलीला ओलांडताना बाजूला किमान दीड मीटर अंतर सोडावे. ब्रिटनची नियमपुस्तिका ताशी ३० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेगापर्यंत, एवढे अंतर सांगते आणि त्याहून अधिक वेगाला अधिक. अवजड वाहन जवळून गेले की हवेचा झोत सायकलीला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो, त्यामुळे प्रत्यक्ष धक्का न लागताही मूल पडू शकते.

आता आपण स्वतः काय करू शकता ते पाहू. साखर कारखान्याला शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह पत्र द्यावे आणि ट्रॉल्यांना मागे व बाजूंना परावर्तक पट्ट्या लावल्याशिवाय ऊस घेऊ नये, अशी मागणी करावी. कारखान्याचा वजनकाटा ही अशी जागा आहे, की जेथे प्रत्येक ट्रॉली थांबतेच. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाला साइडपट्ट्या मुरूम टाकून रस्त्याच्या पातळीला आणण्याविषयी लिहावे. डांबराच्या कडेला वीतभर खोल धार असेल तर "खाली उतरून थांब" हा आपला सल्ला मुलीला पाळताच येणार नाही. पत्राची पोच घेऊन ती जपून ठेवावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे रखवालदार रात्रपाळीसाठी सायकलने येत असताना त्यांना मागून मोटारीने धडक दिली. पाय मोडला, तीन महिने काम गेले. चालकाने जागेवरच दहा हजार रुपये देऊन मिटवण्याची भाषा केली. आता विमा कंपनीचा माणूस म्हणतो की सायकलीला मागचा दिवा नव्हता, म्हणून निम्मी चूक त्यांची. त्यांना काय मिळू शकते?
— सोसायटीचे सचिव, ठाणे

उत्तर : प्रथम मुदतीचे पाहा. मोटार वाहन कायद्याच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे, आणि तीन महिने तर गेलेच आहेत. अर्ज अपघात झाला त्या भागातील, रखवालदार राहतात त्या भागातील किंवा प्रतिवादी राहतो त्या भागातील न्यायाधिकरणाकडे करता येतो, त्यामुळे त्यांना लांब हेलपाटे घालावे लागू नयेत. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयाची कागदपत्रे आणि पगाराचा दाखला गोळा करावा; शेवटचा कागद तर आपणच देऊ शकता.

"निम्मी चूक" हे विमा कंपनीचे म्हणणे आहे, निर्णय नव्हे. कायद्यात याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी तो आरोप करणाऱ्यावर असते. दिवा नसणे ही त्रुटी आहे, परंतु ती अपघाताचे कारण होती का, हा खरा प्रश्न आहे. त्या ठिकाणी पालिकेचे दिवे चालू असतील आणि सायकल दिसण्याजोगी असेल, तर दिव्याच्या अभावाचा वाटा फार लहान ठरू शकतो किंवा मुळीच ठरत नाही. म्हणून त्या जागेचे रात्रीचे छायाचित्र आजच काढून ठेवा. समजा, न्यायाधिकरणाने नुकसान ८ लाख रुपये धरले आणि रखवालदाराचा वाटा २५ टक्के मानला, तर त्यांना ६ लाख मिळतील. चुकीचा वाटा असला तर भरपाई कमी होते, ती नाहीशी होत नाही, एवढे त्यांना समजावून सांगा. दोषाच्या वादात पडायचे नसेल तर कायद्याच्या कलम १६४ चा मार्ग आहे. त्यात कोणाचीही चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये अशी ठरावीक रक्कम मिळते. कोणता मार्ग घ्यावा हे वकिलाला हिशेब मांडायला सांगून ठरवावे, कारण तीन महिन्यांचे वेतन आणि पायाचे कायमचे अपंगत्व धरले तर पहिल्या मार्गाने रक्कम अधिक होऊ शकते.

जागेवर मिटवण्याविषयी एवढेच सांगतो की जखमीला रुग्णालयात नेणे आणि पोलिसांना कळवणे ही कलम १३४ नुसार चालकाची कर्तव्ये आहेत, आणि दहा हजार रुपयांनी ती फिटत नाहीत. वाहन पळून गेले असते आणि सापडलेच नसते, तरीही गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपये देणारी सरकारी योजना आहे. तिचा अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. शिवाय मे २०२५ पासून मोटार अपघातातील जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू झाली आहे. आपल्या रखवालदारांच्या वेळी तिचा उपयोग झालेला दिसत नाही, पण सोसायटीच्या फलकावर ही माहिती लावावी.

आणि त्यांना एक मागचा दिवा सोसायटीच्या खर्चाने घेऊन द्यावा. रात्रपाळीला बोलावणाऱ्याची एवढी जबाबदारी आहेच.

प्रश्न : आम्ही आइंडहोवनमध्ये राहतो. येथे सायकलला धक्का लागला की मोटारवालाच जबाबदार, असे सगळे सांगतात. भारतात असा कायदा का होत नाही?
— एक वाचक, नेदरलँड्स

उत्तर : सगळे सांगतात ते अर्धेच खरे आहे. तेथील नियम दिवाणी भरपाईपुरता आहे. त्याने चालक गुन्हेगार ठरत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला पूर्ण भरपाई, आणि त्याहून मोठ्या सायकलस्वाराची स्वतःची चूक असली तरी साधारणपणे किमान निम्मी भरपाई, असा तेथील न्यायालयांनी घडवलेला संकेत आहे. त्याच वेळी तेथील सायकलस्वाराला दिवा नसला तर दंड होतो, सिग्नल मोडला तर दंड होतो, आणि १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना मोबाइल हातात धरायलाही बंदी आहे. म्हणजे भरपाई देताना उदारपणा आहे, पण शिस्तीत सूट नाही. आपल्याकडे वर सांगितलेले कलम १६४ त्याच दिशेचे, मात्र ठरावीक रकमेत अडकलेले पाऊल आहे. कायद्यापेक्षा मला तेथील रस्त्यांचा हेवा अधिक वाटतो. १९७० च्या दशकात रस्त्यांवर मरणाऱ्या मुलांसाठी पालक रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतर सायकलीची वाट मोटारीपासून वेगळी काढण्याचे काम दशकानुदशके चालू राहिले.

प्रश्न : (१) सायकलला हेल्मेट सक्तीचे आहे का? (२) विजेवर चालणाऱ्या सायकलीला परवाना लागतो का? (३) सकाळी फिरताना माझ्या आईला पदपथावर सायकलने धडक दिली, त्याचे काय?
— तीन वेगवेगळे वाचक

उत्तर : साध्या सायकलला मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती लागू नाही, तरीही घालावे, मात्र ते पडण्यासाठी आहे, ट्रकसाठी नाही, हे लक्षात ठेवून. विजेच्या सायकलीच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि ती केंद्रीय नियमांतील इतर अटींतही बसत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. दुकानदाराने वेगमर्यादा काढून तिचा वेग "उघडून" दिला असेल तर मात्र आपण विनापरवाना, विनाविमा मोटार वाहन चालवत आहात, आणि अपघात झाल्यास भरपाई आपल्या खिशातून जाईल. तिसऱ्या प्रश्नाबाबत, भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ बेदरकारपणे "वाहन" चालवण्याविषयी आहे, केवळ मोटार वाहनाविषयी नाही, त्यामुळे सायकलस्वारही त्यात येतो. मोटारीपुढे सायकलस्वार दुबळा असतो, तसा सायकलपुढे पादचारी दुबळा असतो. पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितलेली उतरंड सायकलपाशी येऊन थांबत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. शाळेत सायकलने जाते. बाबा म्हणतात अगदी कडेने चालव. दादा म्हणतो कडेपासून लांब राहा. कोणाचे बरोबर?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझ्या बाबांना काळजी वाटते आणि दादाला अनुभव आहे. अगदी कडेला गटारांची झाकणे, खडी, पाणी आणि तुटलेले डांबर असते. ते चुकवायला तू अचानक उजवीकडे येतेस, आणि मागच्या चालकाला ते आधी कळत नाही. शिवाय कडेला चिकटलेल्या सायकलीशेजारी जागा आहे असे वाटून मोटार तेवढ्याच फटीतून पुढे जाऊ पाहते. म्हणून कडेपासून हातभर ते मीटरभर आत, सरळ रेषेत चालव. उभी गाडी ओलांडायची असेल तर ती जवळ येण्यापूर्वीच मागे पाहून हळूहळू उजवीकडे ये. मोठ्या रस्त्यावर मागून ट्रक आला तर मात्र बाबांचे ऐकावे आणि कडेला उतरून थांबावे.

उजवीकडे वळताना आधी मागे पाहा, मग उजवा हात पूर्ण लांब कर आणि तो चालकाला दिसेल एवढा वेळ तसाच ठेव. वाहने फार असतील तर सायकलवरून उतर आणि झेब्रा पट्ट्यांवरून हातात धरून ने. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा डाव्या हाताला असतो. उजवा हात बाहेर असताना तुझ्याकडे फक्त मागचाच ब्रेक राहतो, म्हणून तो नीट लागतो की नाही हे रोज सकाळी सायकल स्टँडवरून काढल्यावर दोन पावले ढकलून, दाबून पाहत जा.